पडताळ्याची ओळ

अर्जदार : दिगंबर, वय अदमासे अठ्ठेचाळीस, धंदा अर्जनवीस, राहणार सोलापूर.
सामनेवाला : सदरहू अर्जदारच. वय त्या वेळी एकोणीस, धंदा काही नाही.
जिच्यावर अन्याय झाला ती : द्वारकाक्का, अर्जदाराची शेजारीण, मुलींच्या शाळेत शिक्षिका.
साक्षीदार : एक, शिवलिंगप्पा, किराणा दुकानदार, आता मयत. दोन, नरसय्या, छापखान्यातील जुळारी, हयात असल्यास वृद्ध.
घटनेची तारीख : साप्ताहिकाच्या अंकावर छापलेली होती. तो अंक अर्जदाराने चुलीत घातला. वार शुक्रवार होता आणि बाजारात हुरडा आला होता, एवढे शपथेवर सांगता येते.

दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिण्यात माझी पंचवीस वर्षांहून अधिक गेली. माझ्या हातचा अर्ज कचेरीत दुरून ओळखला जातो, आणि वकिलांकडील कारकूनही 'सदरहू', 'उपरिनिर्दिष्ट' यांसारख्या शब्दांसाठी माझ्याकडे डोकावतात. शिक्षण इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, थांबले ही गोष्ट मी सहसा कोणास सांगत नाही. येथे सांगतो, कारण पुढील हकीकतीत तिचा संबंध आहे. अर्जाचा पहिला नियम असा की अर्जदाराने स्वतःबद्दल खरे लिहावे. हा नियम मी हजारोंना शिकविला, स्वतः पाळला नाही.

आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, एका वकिलांकडे कारकून. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आई उठे, आणि तिच्या मागोमाग उखळाचा आवाज सुरू होई. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ ती इतका वेळ कुटी की चटणीला तेल सुटून ती उखळाच्या कडेला चिकटे. बाजरी आमच्याकडे चालत नसे. ज्वारीची भाकरी, तीही चुलीपाशी उभी करून कडक केलेली, आणि त्यावर ही चटणी. भोंगा, उखळ आणि पूर्वेकडून येणारी हातमागांची खटखट या तीन आवाजांत माझे बालपण गेले. चौथा आवाज भिंतीपलीकडचा होता. भिंत सामाईक होती, आणि पलीकडे द्वारकाक्का रोज सकाळी दुसऱ्या दिवशीचा नव्हे, त्याच दिवशीचा धडा स्वतःशी मोठ्याने म्हणत. आधी स्वतःला ऐकवावे, पटले तर मुलींना सांगावे, अशी त्यांची रीत.

त्या पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांचे बंधू पोस्टात कारकून होते व सुधारक मताचे. त्यांनी बहिणीचे केस काढू दिले नाहीत, उलट शिक्षिकेच्या परीक्षेला बसविले. मी सांगतो त्या काळी त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास असेल. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका कमिटीने मुलींची शाळा काढली होती. तेथे त्या जात. पायांत वहाणा, हातात काळी छत्री, डोईवरून पदर, आणि चाल अशी की जणू रस्ता त्यांच्यासाठी झाडून ठेवला आहे. आईचे व त्यांचे चांगले जमे. आई म्हणे, "द्वारके, चटणी जरा जास्तच केलीय, घेऊन जा गं." जास्त कधीच झालेली नसे. मी शाळा सोडून घरी बसलो तेव्हापासून शुद्धलेखन मी त्यांच्याकडेच गिरविले. आज माझी जी काही भाषा आहे तिचा पाया त्या सामाईक भिंतीपलीकडे घातला गेला.

संध्याकाळी मी शिवलिंगप्पाच्या दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवी. शिवलिंगप्पा गूळ, शेंगा आणि डाळी विकी, घरात कानडी बोले, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. "बा पंडिता, बस. आज सरकार काय म्हंतंय, वाच की," असे म्हणून तो मला गुळाचा खडा देई. पाच-सात माणसे जमत. मी नुसते वाचीत नसे, टीकाही करी. कौन्सिलच्या निवडणुका, बायकांना मत, मुलींच्या लग्नाच्या वयाचा येऊ घातलेला कायदा, शाळेत खादीच्या टोप्या घालून मास्तरांशी वाद घालणारी पोरे, या सर्वांवर माझे मत तयार असे. धर्म आणि घर यांच्या उंबरठ्याच्या आत सरकारने पाय टाकू नये, आणि सुधारकांनी तर मुळीच टाकू नये, असे मी एकोणिसाव्या वर्षी ठासून सांगत होतो. प्रामाणिकपणे लिहायचे तर ही मते आजही फारशी बदललेली नाहीत. परवा निवडणुकीत ध्वनिक्षेपक लावलेल्या मोटारी गल्लीतून फिरल्या तेव्हा मी खिडकी लावून घेतली. मते ठेवल्याची मला लाज नाही. मते हातात घेऊन मी जे केले त्याची आहे.

त्या वाचनाची कीर्ती तात्यासाहेबांच्या कानी गेली. तात्यासाहेब एका साप्ताहिकाचे संपादक. पत्राचे नाव लिहीत नाही, ते बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. पत्र जुन्या वळणाचे होते आणि मला ते आपलेच वाटे. अग्रलेख तात्यासाहेब लिहीत. मला त्यांनी शेवटच्या पानावरील 'नवल-वर्तमान' हे सदर दिले. कोठे काय विचित्र घडले ते थोडक्यात लिहायचे, आणि जमल्यास शेवटी सुधारकांना एक चिमटा. केमच्या स्टेशनावर वानराने मास्तरांची हिरवी झेंडी पळविली आणि छपरावर बसून हलविली, हे लिहून मी पुढे जोडले होते की कौन्सिलातही हल्ली झेंड्या अशाच हातांत आहेत. सांगोल्याकडे पाच पायांचे करडू झाले, तेव्हा पाचव्या पायाची तुलना मी बायकांच्या मताधिकाराशी केली : आहे, पण चालण्यास उपयोग नाही. लोक हसत. माझे नाव छापत नसत, पण पायरीवर सर्वांना ठाऊक होते, आणि ठाऊक राहील अशी दक्षता मी घेत होतो.

मग वळसंगचा कोंबडा आला. वळसंगास एका शेतकऱ्याचा कोंबडा अंडे घालतो, असे मी ऐकीव माहितीवर छापले. दोन वाचक सायकली घेऊन तेथे गेले. त्या शेतकऱ्याने कोंबडा दाखविला, अंडे काही दाखविले नाही, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर काठी दाखविली. दोघे थेट छापखान्यात आले. तात्यासाहेब संतापले. तेव्हा मी एक तोड सुचविली : यापुढे प्रत्येक नवलाच्या शेवटी एक ओळ घालावी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी गेल्यास ते नवल प्रत्यक्ष दिसेल. ज्यास शंका असेल त्याने जाऊन पाहावे. या ओळीला आम्ही पडताळा म्हणू लागलो. ती वाचकांना फार आवडली. लोक रविवारी सहलीसारखे ती नवले पाहावयास जाऊन आले. तात्यासाहेब म्हणाले, "दिगंबर, या ओळीने पत्राला वजन आलं." मला ते वजन अंगावर दागिना घातल्यासारखे वाटे.

माझे लिखाण द्यावयाच्या आधी मी द्वारकाक्कांना दाखवीत असे. त्या विरुद्ध मताच्या असूनही चुका दुरुस्त करून देत. घटनेच्या आठवड्यात मी त्यांना बायकांच्या मताविषयीचा एक लांबलचक मजकूर दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "भाषा छान झालीय. पण दिगू, यात तू कुठं आहेस? हे सगळं तात्यासाहेबांचं आहे." मी म्हणालो, सत्य कोणा एकाचे नसते. त्यावर त्या हसल्या, आणि तेवढ्यात अण्णा कचेरीतून आलेले पाहून त्यांना म्हणाल्या, "अण्णा, ह्याला पुन्हा परीक्षेला बसवा. सकाळी शाळेच्या आधी तासभर मी घेत जाईन. बुद्धी आहे हो, बैठक नाही." अण्णा आनंदले. "बघ, अक्का आपणहून म्हणतायत." माझे कान तापले. गुळाचा खडा देऊन ज्याला पंडित म्हणतात, ज्याच्या ओळीने पत्राला वजन आले, त्याने एका विधवेपुढे चौथीचे पुस्तक उघडून बसावे! 'विधवा' हाच शब्द माझ्या मनात आला. तो येथे लिहितो, कारण अर्जात मजकूर वगळणे हा गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी छापखान्यात बसलो होतो. नरसय्या शेवटचे पान बांधीत होता. त्याचे घराणे विणकरांचे, पण तो माग सोडून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवू लागला होता. मला तो थट्टेने 'पंतुलू' म्हणे, त्यांच्या तेलुगूत गुरुजींना तसे म्हणतात. तो म्हणाला, "पंतुलू, सात ओळी कमी पडल्या. काय तरी द्या लवकर. शाई वाळते." महिन्यातून एकदा तरी असे होई, आणि जागा भरणे हे माझेच काम. तात्यासाहेब जेवावयास गेले होते. मी कागद ओढला. पाच मिनिटेही लागली नाहीत. सात ओळी मला आज अक्षरशः पाठ आहेत :

'सोलापुरातील नवे पाखरू. आमच्या शहरात हल्ली एक अपूर्व पक्षीण रोज सकाळी पूर्व दिशेस उडताना दिसते. कपाळी कुंकू नाही, पण डोईवर केस आहेत. ऊन नाही, पण हाती छत्री आहे. घर सांभाळावयाचे ते सोडून ती लोकांच्या पिलांना शहाणपण भरविते. ही जात कोणती हे सुधारक पंडितांनी ठरवावे. पडताळा पाहणाऱ्याने सकाळी साडेसातास मंगळवार पेठेच्या तोंडाशी उभे राहावे.'

शेवटचे वाक्य लिहिताना मी थांबलोसुद्धा नाही. नवल लिहिले की पडताळा लिहायचा, हात तसाच वळला होता. नरसय्याने ओळी जुळविल्या, मोजल्या, "बराबर सात" म्हणाला, आणि पान यंत्रावर चढले.

शुक्रवारी संध्याकाळी पायरीवर मी तो मजकूर माझ्या खास आवाजात वाचला. हशा पिकला. शिवलिंगप्पा पोट धरून हसला. मग त्याने डोळे पुसले आणि विचारले, "कोन रे ही? आपली पोस्टातल्या कारकुनाची भैन का काय?" मी मिस्कील हसलो. त्याचे हसू थोडे मागे सरले एवढे मला दिसले. घरी अण्णांनीही अंक वाचला होता. त्यांनी जेवताना विचारले, "हे तू लिहिलंस?"

"सात ओळींची जागा भरायची होती, अण्णा."

"भरली का मग?" ते म्हणाले, आणि भाकरी अर्धी ठेवून हात धुतले.

शनिवारी सकाळी साडेसातास मी दारात आलो तेव्हा पेठेच्या तोंडाशी दहा-बारा माणसे उभी होती. त्यांतील काही सभ्य होती, धोतर-कोट घातलेली. एकाच्या हातात तर अंकच होता. द्वारकाक्का बाहेर पडल्या. त्यांना काही माहीत नव्हते. कोणाकडे तरी पाहुणे आले असावेत अशा समजुतीने त्या थोड्या कडेने गेल्या. मागून कोणीतरी पक्ष्यासारखी शीळ घातली. सोमवारी तीस-चाळीस झाले. पाळी सुटलेले गिरणीकामगार, शाळेत निघालेली पोरे, तालमीतले लोक. मंगळवारी तेथे एका शेंगावाल्याने पाटी मांडली. त्या दिवशी अक्कांनी ऊन नसताना छत्री उघडली आणि गर्दीच्या बाजूस खाली धरली. गर्दीला हेच हवे होते. 'ऊन नाही, पण छत्री आहे,' असे कोणीतरी मोठ्याने म्हटले आणि माझे वाक्य चाळीस तोंडांतून माझ्याकडे परत आले. बुधवारी त्या तळ्याकडच्या लांबच्या वाटेने गेल्या. गुरुवारी गर्दी तिकडे गेली.

मी त्या दिवशी दुकानी गेलो तेव्हा शिवलिंगप्पाने गूळ दिला नाही. "बस" असेही म्हणाला नाही. तराजू पुसत म्हणाला, "नाव न्हाय लिवलास, म्हणून वाचलास असं वाटतंय तुला. पर वेळ लिवलास की रे. जागा लिवलास. नाव लिवला असतास तर लोक घरी बसून शिव्या दिले असते. तू त्यानला उटवून हितं आणलास." त्याच्या दोन भाषांतील हे मराठी व्याकरणात बसत नव्हते, परंतु त्याहून नेमके वाक्य मी आजवर कोणत्याही निकालपत्रात वाचलेले नाही.

नरसय्याची मुलगी त्याच शाळेत होती हे मला ठाऊक नव्हते. पुढल्या गुरुवारी छापखान्यात तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी खिळे लावतो पंतुलू, वाचत नाही. उलटं अक्षर, लावायचं आणि मोजायचं. अंक घरी नेला. पोरीनं वाचून दाखवला. आधी खूश झाली, वाचता येतं म्हणून. मग पक्षीण म्हणजे बाई, हे तिला कळलं. रडायला लागली." पान बांधता बांधता तो म्हणाला, "तिला वाचायला बाईनंच शिकवलं ना." त्यानंतर त्याने मला पंतुलू म्हणून हाक मारली नाही. तीन आठवड्यांत त्या शाळेतील अर्ध्या मुली घरी बसल्या. रस्त्यावर पुरुष उभे असताना पोरीला कोण पाठविणार? कमिटीने अक्कांना कळविले की त्यांच्यामुळे शाळेचे नाव खराब होत आहे, तरी पुढील महिन्यापासून येऊ नये. माणसे कशामुळे उभी राहिली, याची चौकशी कमिटीने केली नाही.

ते पत्र आले त्याच दिवशी दुपारी द्वारकाक्का आमच्याकडे आल्या. आईने पाट मांडला, पण त्या दाराशीच बसल्या. हातात कोरा कागद होता. "दिगू, कमिटीला अर्ज द्यायचाय. माझी भाषा फार सरळ आहे रे. तुझी भरदार आहे. लिहून देशील?"

मी दौत-टाक घेतला. बैठक सावरण्याचे निमित्त करून वेळ काढला. त्या सांगू लागल्या. अर्जदारणीने किती वर्षे नोकरी केली, किती मुली वाचू लागल्या, एकदाही तक्रार आली नाही. मी त्यांच्या साध्या वाक्यांना कोट-टोपी चढवीत गेलो. मग त्या म्हणाल्या, "आता लिही : कोणी अज्ञात इसमाने एका साप्ताहिकात मजकूर छापल्यामुळे ही स्थिती उद्भवली."

टाक कागदावर टेकला आणि तेथे शाईचा ठिपका पडला. त्या ठिपक्याकडे पाहून अक्कांनी विचारले, "दिगू, अर्जदाराला नाव माहीत असलं तर ते लिहावंच लागतं का रे?"

मी खाली मान घालून म्हणालो, "हो. तसा नियम आहे."

"मग अज्ञातच राहू दे," त्या म्हणाल्या.

आत उखळ चालले होते ते थांबले. आईने ऐकले असावे. मी 'अज्ञात' लिहिले, वळणदार, सुंदर लिहिले. अक्कांनी सही केली, कागद फुंकून वाळविला, आणि उठताना म्हणाल्या, "सकाळचा तास अजून मोकळाच आहे हो. आता तर दोन मोकळे." मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो, हे वाक्य मी तेव्हा मनाशी पुष्कळदा म्हटले. आज कळते की ते तोंड लपविण्याचे निमित्त होते. त्यांनी दार उघडे ठेवले होते, आणि तेही मीच लोटून घेतले.

मी लिहिलेला तो पहिला अर्ज. त्याचे उत्तर आले नाही. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून प्रश्न ऐकू येई, "दादा, काही टपाल?" आणि पोस्टात नोकरी करणारा भाऊ म्हणे, "नाही गं आज." सकाळचा धडा बंद झाला होता. उन्हाळ्यात बंधूंची बदली कर्नाटकाकडे झाली की त्यांनी ती मागून घेतली, मला माहीत नाही. टांगा भरला तेव्हा आई चटणीचा डबा घेऊन बाहेर गेली. मी आतल्या खोलीत होतो. छत्रीची मूठ टांग्याच्या लाकडावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. पत्रातील लेखन मी सोडले, परंतु तो मजकूर माझा होता हे एकदाही जाहीरपणे बोललो नाही. तात्यासाहेब समजले की मला दुसरीकडे अधिक मान मिळाला. मी तसे समजू दिले. पुढे अण्णांच्या ओळखीने कचेरीच्या आवारात चटई टाकली, आणि लोक म्हणू लागले की दिगंबरपंतांच्या अर्जाला वजन आहे.

माझ्या अर्जांत गेल्या इतक्या वर्षांत 'अज्ञात इसम' हे शब्द शेकडो वेळा आले. प्रत्येक वेळी मी पक्षकाराला दरडावून विचारतो, "खरंच माहीत नाही, का सांगत नाहीस?" पुष्कळ जण तेव्हा खाली पाहतात. माझी नात आता सकाळी शाळेत जाते, आणि ती वळणाआड होईपर्यंत मी दारात उभा राहतो. मुलींना किती शिकवावे याबद्दल माझे म्हणणे आहे, ते मी घरात सांगतो आणि कोणी ऐकत नाही. पण रस्त्यात कोणी उभा दिसला की मी वहाणा घालून तिच्यामागे निघतो.

सबब विनंती ती अशी :

द्वारकाक्का जेथे असतील तेथे, किंवा त्यांच्या हाताखाली वाचावयास शिकलेल्या कोणाच्याही हाती हे प्रकरण पडल्यास, त्यांनी ते अक्कांचे म्हणून दाखल करून घ्यावे. मूळ अर्जातील 'अज्ञात' हा शब्द खोडून त्या जागी अर्जदाराचे नाव लिहावे. अर्जदार क्षमा मागत नाही, कारण तिच्यासाठी अक्कांचा तास मोकळा होता तेव्हा तो गेला नाही. त्यांच्या अर्जाला उत्तर मिळाले नाही. या अर्जाला मिळावे, मग ते एका ओळीचे असो व कसेही असो.

सदरहू इसम खरोखर अस्तित्वात आहे किंवा कसे, याबद्दल कोणास शंका असल्यास पडताळा पाहणाऱ्याने कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत सोलापुरास कचेरीच्या आवारात, चिंचेखाली यावे. तो तेथे बसलेला असतो.

दिगंबर, अर्जनवीस